उसन्या दुरुस्तीचा आवाज

घरी गाणे ऐकण्यासाठी आणलेला स्पीकर कितीही किमतीचा असला, तरी तो सर्व स्वरांना सारखा न्याय कधीच देत नाही. काही स्वर तो फुगवून सांगतो, काही दाबतो, आणि ज्या खोलीत तो ठेवला जातो त्या खोलीच्या भिंती, छत व फरशी या दोषांत स्वतःची भर घालतात. हे दोष मोजून त्यांच्या नेमकी उलटी प्रक्रिया आवाजावर करण्याची सोय गेल्या दोन दशकांत होम थिएटरच्या रिसीव्हरमध्ये, संगणकात आणि मोबाइलमध्येही आली असून, अशा प्रक्रियेच्या तयार नोंदीला करेक्शन प्रोफाइल, म्हणजे दुरुस्तीचा आराखडा, असे म्हणतात. नामांकित स्पीकर आणि हेडफोन यांचे असे आराखडे आज फुकट उतरवून घेता येतात, आणि म्हणूनच एका स्पीकरसाठी बनवलेले प्रोफाइल दुसऱ्याच स्पीकरला लावून पाहण्याचा प्रकारही रूढ होत आहे. लातूर–नांदेड रस्त्यावरील चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी, जिथे स्पीकर जुन्या बाजारातून, दुरुस्तीच्या दुकानांतून किंवा पार्सलने घरात येतो आणि मोजमापाचा मायक्रोफोन सहसा कोणाकडे नसतो, तिथे उसने प्रोफाइल हाच बहुधा पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग ठरतो. हा प्रयोग निरुपयोगी नाही. मात्र आवाजातला कोणता भाग स्पीकरचा आणि कोणता खोलीचा हे ज्याला उमगले आहे, त्यालाच त्याचे फळ मिळते, कारण पहिल्या भागाची दुरुस्ती काही प्रमाणात उसनी घेता येते, दुसऱ्याची मात्र कधीच घेता येत नाही.

प्रोफाइलमध्ये असते काय

आवाजाची उंची वारंवारतेवर, म्हणजे हवा सेकंदाला किती वेळा थरथरते यावर, अवलंबून असते आणि ती हर्ट्झ या एककात मोजली जाते. आवाजाच्या पातळीतला फरक डेसिबलमध्ये सांगितला जातो, आणि ३ डेसिबलची वाढ म्हणजे दुप्पट शक्ती, १० डेसिबलची वाढ म्हणजे दहापट शक्ती असे त्याचे गणित असते. माणसाचा कान साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. स्पीकरला या सर्व वारंवारता सारख्याच ताकदीने पुरवल्या असता त्याच्यातून प्रत्यक्ष किती बाहेर पडते, याचा आलेख काढला की चढउतारांची एक रेघ मिळते, आणि प्रोफाइल म्हणजे या रेघेची उलटी प्रतिमा असते. ते बहुधा फिल्टरांच्या यादीच्या रूपात असते व प्रत्येक फिल्टरमध्ये तीन आकडे असतात: कोणत्या वारंवारतेवर काम करायचे, किती डेसिबल वाढवायचे वा घटवायचे, आणि हा फरक किती रुंद पट्ट्यात पसरवायचा.

डेसिबलचे आकडे एकमेकांत सरळ मिळवता येतात, त्यामुळे बेजोड प्रोफाइलचा परिणाम कागदावरही मांडता येतो. समजा, पहिला स्पीकर ३,००० हर्ट्झच्या आसपास ४ डेसिबल चढा आहे, म्हणून त्याच्या प्रोफाइलमध्ये तिथे उणे ४ लिहिलेले आहे. दुसरा स्पीकर त्याच ठिकाणी मुळातच ३ डेसिबल पडका आहे आणि त्याला अधिक ३ ची गरज आहे. पहिल्याचे प्रोफाइल दुसऱ्याला लावले, तर ३,००० हर्ट्झपाशी एकूण ७ डेसिबलचा खड्डा पडतो. हाच पट्टा गायकाच्या शब्दोच्चाराचा, च, ट, त यांसारख्या व्यंजनांच्या धारेचा आणि तबल्याच्या चाटेवरील कडक बोलाचा असल्यामुळे ऐकणाऱ्याला गाणे कांबळ्याआडून आल्यासारखे वाटते, आणि दुरुस्तीसाठी केलेला उपाय आगीतून फुफाट्यात नेणारा ठरतो. दोन स्पीकरांचे दोष योगायोगाने एकाच दिशेचे असतील, तर मात्र उसने प्रोफाइल अर्धवट का होईना काम करते. एकाच उत्पादकाच्या एकाच मालिकेतील भावंड-स्पीकरांत असे साम्य आढळण्याची शक्यता अधिक असते.

जुन्या तबकड्यांनी घालून दिलेला धडा

एकाची दुरुस्ती दुसऱ्याला लागण्याचा प्रश्न नवा नाही, आणि मराठी संगीताच्या संग्राहकांना तर तो फार जुन्या काळापासून परिचित आहे. तबकडीवर मंद्र स्वर पूर्ण ताकदीने कोरले, तर खाच शेजारच्या खाचेत घुसते. म्हणून १९२५ नंतरच्या विद्युत ध्वनिमुद्रणात मंद्र स्वर मुद्दाम कमी करून कोरले जात आणि वाजवताना तेवढेच वाढवले जात. किती कमी करायचे याचा हिशोब मात्र प्रत्येक कंपनीचा वेगळा होता, आणि अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने १९५४ मध्ये आरआयएए या नावाने ओळखला जाणारा समान वक्र ठरवून दिला, तेव्हा कुठे हा गोंधळ मिटू लागला. या वक्रात मंद्र स्वरांची भरपाई ५०० हर्ट्झपासून सुरू होते आणि १०,००० हर्ट्झवर आवाज १३.७ डेसिबलने उतरवला जातो.

ब्रिटिश घराण्यातील कंपन्यांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या अनेक विद्युतमुद्रित तबकड्यांसाठी जाणकार २५० हर्ट्झचा टप्पा धरतात आणि तार सप्तकाच्या बाजूला काहीही उतरवत नाहीत. भारतात नाट्यसंगीताच्या आणि भावगीतांच्या अनेक तबकड्या याच घराण्यातील हिज मास्टर्स व्हॉइस या शिक्क्याने घरोघरी पोहोचल्या, आणि त्या आरआयएए वक्र लावणाऱ्या आजच्या प्रीअॅम्प्लिफायरवर, म्हणजे सुईचा क्षीण संकेत मोठा करणाऱ्या यंत्रावर, जशाच्या तशा वाजवल्या, तर मंद्र बाजू सुमारे ६ डेसिबलने फुगते आणि तार बाजू १० डेसिबलांहून अधिक दबते. परिणामी मूळचा खणखणीत गळाही बसका वाटू लागतो. १९०२ साली फ्रेड गेसबर्गने कोलकात्यात घेतलेल्या पहिल्या भारतीय मुद्रणांसारख्या, विजेशिवाय केवळ कर्ण्यातून कोरलेल्या तबकड्यांना तर असा कोणताच वक्र नव्हता. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थांभोवती जमलेल्या संग्राहकांच्या पिढीला, तबकडीचे जतन म्हणजे तिच्यावरील धूळ पुसणे एवढेच नसून तिचा योग्य वक्र शोधणेही आहे, हे सांगावे लागत नाही. स्पीकरच्या प्रोफाइललाही हाच नियम लागू होतो: दुरुस्ती कशाची आहे हे ठाऊक असल्याशिवाय तिचा आकडा निरर्थक असतो.

स्पीकर किती, खोली किती

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात श्रोत्यांना स्पीकर न दाखवता अनेक चाचण्या घेतल्या, आणि त्यांतून असे दिसले की ज्याचा समोरून मिळणारा आवाज सपाट आणि बाजूंना पसरणारा आवाज गुळगुळीत उताराचा असतो, तो स्पीकर बहुतेकांना पसंत पडतो. यातला पहिला गुण फिल्टरने सुधारता येतो, दुसरा येत नाही, कारण फिल्टर स्पीकरमधून सर्व दिशांना जाणारा आवाज एकदमच बदलतो. मध्यम आणि तार स्वरांत स्पीकरचे स्वतःचे व्यक्तिमत्त्व ऐकू येते, म्हणून प्रतिध्वनीरहित कक्षात मोजलेले प्रोफाइल त्याच मॉडेलच्या दुसऱ्या नगाला वरच्या पट्ट्यात बऱ्यापैकी चालते. मंद्र स्वरांत मात्र स्पीकर कोणताही असो, सत्ता खोलीची असते. आणि या दोन राज्यांची सीमा जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांच्या सूत्राने, खोलीचे घनफळ आणि आवाज विरण्यास लागणारा वेळ यांवरून, काढता येते.

मराठवाड्यातल्या सिमेंटच्या घरांत ठरून गेलेली ‘दहा बाय दहाची खोली’ या दृष्टीने विशेष अभ्यासण्यासारखी आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लाट जाऊन येते तेव्हा ज्या वारंवारतेला तिची अर्धी लांबी त्या अंतरात नेमकी बसते, ती वारंवारता घुमू लागते. दहा फुटांसाठी हा आकडा सुमारे ५६ हर्ट्झ येतो. छतही दहा फुटांवर असेल, तर लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांचे घुमणे एकाच वारंवारतेवर गोळा होते, आणि ढोलकीच्या मंद्र थापेपासून चित्रपटगीतातल्या बेस गिटारपर्यंत जे काही त्या पट्ट्यात येते ते एकाच सुरात ‘बूम’ करत राहते. बारा बाय दहाच्या खोलीत लांबीचे घुमणे ४७ हर्ट्झवर सरकते व ओझे थोडे वाटले जाते. ज्याने आपले प्रोफाइल मोठ्या, लाकडी भिंतींच्या परदेशी दिवाणखान्यात मोजून तयार केले, त्याच्या फिल्टरांत या ५६ हर्ट्झचा मागमूसही नसतो. उलट त्याच्या खोलीत ७० हर्ट्झवर असलेला खड्डा भरण्यासाठी लिहिलेली वाढ चाकूरच्या खोलीत विनाकारण फुगवटा निर्माण करते.

बसण्याची जागाही तितकीच निर्णायक असते. घुमणाऱ्या लाटेचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे भिंतीला लावलेल्या दिवाणावर बसणाऱ्याला बेस अति वाटतो, तर मध्यावर सतरंजी टाकून बसणाऱ्याला तोच बेस गेल्यासारखा वाटतो. मध्यावरच्या या खड्ड्यात फिल्टरने कितीही वाढ ओतली, तरी जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींना तिथेच पुसून टाकतात, म्हणून ती वाढ म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ठरते आणि अॅम्प्लिफायर मात्र तापतो. डायरॅक आणि ऑडिसी यांसारख्या खोलीच्या आवाजाची दुरुस्ती करणाऱ्या प्रणाली श्रोत्याच्या आजूबाजूच्या अनेक ठिकाणी मोजमाप का मागतात, याचे कारण हेच आहे. यातील पहिली स्वीडनमधील उप्साला येथे २००१ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीची आहे, तर दुसरी कॅलिफोर्नियातील विद्यापीठीय संशोधनातून २००२ मध्ये उभी राहिली.

वाकळ, पोती आणि उन्हाळा

आवाज विरण्याच्या वेळेचे शास्त्र हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून उभे केले. फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळत असे, म्हणून त्यांनी जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री आणून, त्यांची संख्या वाढवत वाढवत, आवाज किती लवकर विरतो ते मोजले. हेच सूत्र सिमेंटचा गिलावा आणि गुळगुळीत फरशी असलेल्या, सामान नसलेल्या दहा बाय दहाच्या खोलीला लावले, तर तो वेळ दीड सेकंदाच्या आसपास येतो. तीच खोली गाद्या, पडदे, कपड्यांची दोरी आणि थप्पी लावलेल्या वाकळांनी भरली, की तो चार दशांश सेकंदापर्यंत उतरू शकतो. श्रोडर यांच्या सूत्रानुसार खोलीची सत्ता रिकाम्या अवस्थेत सुमारे ४६० हर्ट्झपर्यंत आणि भरलेल्या अवस्थेत सुमारे २४० हर्ट्झपर्यंत चालते, म्हणजे सामानाच्या हालचालीने दुरुस्तीची सीमाच बदलते.

लातूर हा सोयाबीनचा प्रमुख बाजार असलेला जिल्हा आहे, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची पोती समोरच्या खोलीत थप्पीने लागणे ही शेतकरी घरातील नेहमीची गोष्ट आहे. धान्याने भरलेले पोते आवाज चांगला शोषते आणि खोलीची मोकळी जागाही घटवते, म्हणून पोती असताना मोजलेले प्रोफाइल माल बाजारात गेल्यावर त्याच घरात, त्याच स्पीकरला बेजोड होऊन बसते. तापमानाचाही हातभार असतो. हवेतील आवाजाचा वेग १५ अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर ४२ अंशांना सुमारे ३५६ मीटर असतो. त्यामुळे हिवाळ्याच्या सकाळी ५५.८ हर्ट्झवर घुमणारी दहा फुटांची खोली मे महिन्याच्या दुपारी ५८.४ हर्ट्झवर घुमते. पहिल्या आकड्यावर नेम धरून लावलेला अरुंद फिल्टर, जो दोन्ही बाजूंना जेमतेम पावणेतीन हर्ट्झ पसरतो, तो उन्हाळ्यात घुमणाऱ्या स्वराला काठावरच गाठतो. म्हणून मराठवाड्यासारख्या टोकाच्या हवामानात फिल्टर थोडे रुंद आणि थोडे उथळ ठेवणे शहाणपणाचे असते.

घराची बांधणी या सर्वांच्या मुळाशी आहे. जाड दगडमातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचा थर असलेले माळवदाचे घर हे या भागाचे जुने घर होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात अशा घरांविषयी भीती बसली, आणि सिमेंट-विटांची, स्लॅबची किंवा पत्र्याची घरे वाढली. माळवदाच्या खोलीत खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागांवर आवाज विखुरतो व काही प्रमाणात मुरतो. स्लॅबच्या खोलीत मंद्र स्वर सहा बाजूंनी कोंडला जातो. पत्र्याच्या छतातून तोच मंद्र स्वर बाहेर निसटतो, पण पत्रा स्वतः खडखडू लागतो. एकाच गल्लीत या तिन्ही प्रकारची घरे शेजारी-शेजारी उभी असताना, शेजाऱ्याचे मोजमापही आपल्या घराला लागू पडेल असे धरून चालता येत नाही.

जिथे हानी होऊ शकते

उसन्या प्रोफाइलमधील घट सहसा निरुपद्रवी असते, वाढ मात्र धोक्याची. मोठ्या पेटीच्या स्पीकरसाठी ४५ हर्ट्झवर ८ डेसिबलची वाढ लिहिलेली असेल आणि ती चार इंची पडद्याच्या छोट्या स्पीकरला लावली, तर त्या वारंवारतेला अॅम्प्लिफायरला सहापटीहून अधिक शक्ती द्यावी लागते आणि पडद्याला अडीचपट लांब हेलकावे घ्यावे लागतात. पेटीला हवेचे भोक असेल तर त्याच्या ठरलेल्या वारंवारतेखाली पडद्याला हवेचा आधारही राहत नाही, आणि कॉइल घासून आवाज फुटू लागतो. यासाठी सर्वांत मोठ्या वाढीइतकी घट एकूण पातळीत आधीच करून ठेवणे आणि स्पीकरच्या आवाक्याखालची वाढ काढून टाकणे, हे दोन नियम अपवादाविना पाळावे लागतात.

काही गफलती आलेखात दिसत नाहीत. फिल्टर जेव्हा नमुन्यांच्या, म्हणजे सॅम्पलांच्या, फाइलच्या रूपात असतो, तेव्हा तो सेकंदाला ४८,००० नमुन्यांसाठी बनवलेला असून ४४,१०० नमुन्यांच्या गाण्यावर तसाच चालवला गेला, तर १,००० हर्ट्झसाठीची दुरुस्ती ९१९ हर्ट्झवर जाऊन बसते आणि प्रत्येक फिल्टर आपल्या जागेवरून खाली घसरतो. डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळ्या जातीचे असताना, जे जुन्या जोडीतला एक निकामी झाल्यावर अनेक घरांत घडते, दोघांना आपापले प्रोफाइल देणे योग्यच असते. परंतु त्यातील एक फिल्टर ८,१९२ नमुन्यांचा व समकला जातीचा, म्हणजे सर्व स्वरांना सारखाच विलंब लावणारा, असेल, तर त्या बाजूचा आवाज सुमारे ८५ सहस्रांश सेकंद मागे पडतो. कानाला दोन बाजूंतील एका सहस्रांश सेकंदाचा फरकही गायकाची जागा सरकवण्यास पुरतो, त्यामुळे इतक्या विलंबाने मधोमध उभा वाटणारा गायक फुटून एका बाजूला गाणे आणि दुसऱ्या बाजूला त्याचा प्रतिध्वनी उरतो. मोजमापाच्या मायक्रोफोनलाही स्वतःची दुरुस्ती-फाइल असते, ती त्या नगाच्या अनुक्रमांकाशी जोडलेली असते, आणि दुसऱ्या नगाची फाइल वापरली तर मोजमापच खोटे पडते.

प्रयोगाची शिस्त

बेजोड प्रोफाइल कित्येकदा ‘अधिक चांगले’ वाटते, आणि त्याची कारणे बहुधा साधी असतात: ते आवाज एकूण थोडा मोठा करते, आणि मोठा आवाज कानाला भरीव वाटतो, किंवा ते मंद्र बाजू उचलते आणि तार बाजू उतरवते, म्हणजे बेस-ट्रेबलच्या बटणांचेच काम करते. म्हणून प्रोफाइलशिवाय, योग्य प्रोफाइलसह आणि उसन्या प्रोफाइलसह अशा तीन अवस्था तयार करून, तिन्हींची पातळी एका डेसिबलच्या आत आणून, बदल करणारी व्यक्ती वेगळी ठेवून आणि ऐकणाऱ्याला कोणती अवस्था चालू आहे हे न सांगता ऐकावे. परीक्षेसाठी ओळखीचा बोलता आवाज सर्वांत उपयोगी ठरतो, कारण घरच्या माणसाचा सूर कानात पक्का बसलेला असतो. त्यानंतर तानपुऱ्याच्या संगतीतले गायन घ्यावे, कारण काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो आणि त्याच्या वरच्या स्वरांची दाट रांग कित्येक हजार हर्ट्झपर्यंत जाते, त्यामुळे एकाच नादात खोली आणि स्पीकर या दोघांचीही परीक्षा होते. आरंभी एकच स्पीकर चालू ठेवावा, कारण दोन स्पीकर मिळून एकमेकांचे दोष झाकतात.

अशा तुलनेतून काय शिकायला मिळते ते उघड आहे. उसने प्रोफाइल ३०० ते ४०० हर्ट्झच्या वर जिथे सुधारणा करते, तिथे दोन स्पीकरांच्या दोषांत साम्य आहे असे समजावे व तो भाग ठेवावा. त्याखालचे सर्व फिल्टर पुसून तिथे स्वतःच्या खोलीचे मोजमाप भरावे. रूम ईक्यू विझार्डसारखे मोजमापाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, आणि मोजमापाचा मायक्रोफोन नसेल, तरी टेपने खोली मोजून, वेगाला दुप्पट अंतराने भागून, घुमणाऱ्या वारंवारता कागदावर काढता येतात व त्या वारंवारतेचा नाद वाजवून, खोलीभर फिरून, कानाने पडताळता येतात. उच्च माध्यमिक भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत अनुनाद नळीने आवाजाचा वेग काढताना विद्यार्थी याच प्रकारचे गणित करतात. लातूर जिल्ह्यातही या विषयाचा अभ्यास होत असताना, तो घराच्या चार भिंतींत वापरून पाहण्यासाठी वेगळ्या साधनसामग्रीची वाट पाहण्याचे कारण नाही. स्पीकर आणि त्याचे प्रोफाइल बाहेरून आणता येईल, पण खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि त्यातले सामान यांचा हिशोब घरातल्याच कोणीतरी मांडायचा असतो, आणि तो मांडणाऱ्याला साध्या स्पीकरमधूनही गाणे अधिक खरे ऐकू येते.